‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ म्हणे! कस्टमर केअरचे खान्देशी अनुभव

तापीकाठ (भुसावळ)
भुसावळचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एप्रिलअखेर पारा ४५ अंशांकडे सरकायला लागला आणि नेमका तेव्हाच आमचा फ्रिज बसला. ऑनलाइन घेतलेला आहे, वॉरंटीत आहे, बिल आहे. त्यामुळे सुरुवातीला मी निवांत होतो.

ज्या अ‍ॅपवरून घेतला ते उघडलं. चॅटमध्ये पर्याय आले: ऑर्डर कुठे आहे, ऑर्डर रद्द करायची आहे, पत्ता बदलायचा आहे, रिफंड कधी मिळेल. फ्रिज थंड करत नाही, असा पर्यायच नाही. ‘इतर’ दाबलं की फिरून तेच पर्याय. शेवटी टाइप करून लिहिलं, तर ‘फ्रिजची काळजी कशी घ्यावी’ हा लेख वाचायला दिला. कसाबसा माणूस मिळाला, तो म्हणाला परत करण्याची मुदत संपली, आता कंपनीशी बोला. कंपनीनं तक्रार नोंदवली, नंबर दिला. संध्याकाळी मेसेज: ‘आमचे तंत्रज्ञ येऊन गेले, ग्राहक उपलब्ध नव्हते.’ आई दिवसभर ओट्यावर बसून होती. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

पुन्हा फोन. पलीकडची मुलगी हिंदीत विचारते, भुसावल नासिक में आता है ना सर? म्हटलं नाही, जळगाव जिल्हा. कोई लँडमार्क? म्हटलं रेल्वे स्टेशन. देशभरातल्या गाड्या इथे थांबतात, फक्त तुमचा टेक्निशियन उतरत नाही. जळगावचं सर्व्हिस सेंटर म्हणतं भुसावळ आमच्यासाठी बाहेरगाव, येण्याचे वेगळे पैसे पडतील. अंतर २५ किलोमीटर! दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या सेवेला किती स्टार द्याल?’

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या होत्या. आमरसाचं पातेलं शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तुमचे अनुभव सांगा. आणि या चकव्यातून कोणी बाहेर पडलं असेल तर कसं, तेही सांगा.

भरीतपार्टी
नाव न लिहिताही ओळखली. पण मी जी ओळखली ती आणि तुमची वेगळी असणार, कारण सगळ्या तशाच आहेत भो.

साक्रीकर
आमच्या नानांचा किस्सा. मोबाइलचं नेट बंद पडलं म्हणून त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला. आता तिथे बटणं दाबायची नसतात, मशीनच म्हणतं, आपली समस्या थोडक्यात सांगा. नानांनी सांगितली, ‘मी रिचार्ज करं, पन नेट चालस नही भो.’ मशीनला त्यातला ‘रिचार्ज’ तेवढा कळला. लगेच, रिचार्ज करण्यासाठी १ दाबा. नाना पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. मशीन पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला नाना शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले आणि मशीननं ‘संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला. नानांचा अजूनही समज आहे की ती बाई रागावली.

हसू येतं, पण नानांच्या बाजूनं बघा. पूर्वी स्टँडजवळच्या दुकानात जाऊन फोन त्या पोराच्या हातात दिला की काम व्हायचं. आता ते पोरगंही म्हणतं, बाबा कस्टमर केअरला लावा.

हेडफोन_उतरवलेला (धुळे)
मी काही वर्षं पुण्यात कॉल सेंटरला होतो, हल्ली धुळ्यात दुसरा धंदा करतो. आतली बाजू सांगतो.

पहिलं म्हणजे आम्ही त्या कंपनीचे नोकर नव्हतोच. कंपनीनं ज्यांना ठेका दिला त्यांचे आम्ही नोकर. स्क्रीनवर ग्राहकाची ऑर्डर दिसते, पण रिफंडचं बटण आमच्याकडे नसतं. आमचं मोजमाप कशावर? कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला, ग्राहकानं स्टार किती दिले, दिवसात तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी) किती बंद केली. फ्रिज चालू झाला का, हा रकाना कुठेच नव्हता. मग पोरं जे मोजलं जातं तेच करणार.

‘मॅनेजरला फोन द्या’ म्हणता ना तुम्ही? बहुतेक वेळा तो शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडे जायचा. तो जरा जाड आवाजात तेच वाक्य म्हणायचा.

आता कामाचं. तिकिटाला ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ असा शिक्का मारता येतो. मग तुम्हाला एक मेल जातो, तो तुमच्या नजरेला पडत नाही, आणि ठरलेल्या वेळेनंतर तिकीट आपोआप बंद होतं. तुमच्या घरी ‘कोणी नव्हतं’ तेही तसंच. टेक्निशियनला दिवसभरात झेपतील त्याहून जास्त घरं दिलेली असतात, उरलेल्यांवर तो ‘कोणी नव्हतं’ असा शेरा मारतो. म्हणून तक्रार बंद झाल्याचा मेल आला की नवीन तक्रार नोंदवू नका. त्याच मेलला उत्तर द्या: तक्रार सुटलेली नाही, पुन्हा उघडा. नवीन नंबर घेतला की जुनी तक्रार त्यांच्या हिशेबात यशस्वी ठरते.

आणि शिव्या देऊ नका. माणुसकी सोडा, व्यवहार म्हणून सांगतो. शिवी दिली की कॉल कापायची आम्हाला परवानगी होती. काही जण त्याचीच वाट बघायचे.

पारोळ्याची_लेक
दादा, पटलं. पण ‘पोरांचा दोष नाही, सिस्टीमचा आहे’ हे ऐकून ऐकून कान किटले. सिस्टीमला फोन लागत नाही ना, पोरालाच लागतो.

माझं वेगळंच दुखणं. आमचं गाव पारोळ्यापासून आत आहे. ऑर्डर केली की माल घरपोच येतो, अगदी दारात. पण चुकीचा आला आणि परत करायचा म्हटलं की अ‍ॅप सांगतं, आपल्या पिनकोडवर पिकअप सेवा उपलब्ध नाही, स्वतः कुरिअर करा. म्हणजे आणून द्यायला आमचं गाव नकाशात आहे, घेऊन जायला नाही. पैठणी म्हणून मागवलेली साडी, आली भलतीच. कुरिअरचा खर्च ‘वॉलेटमध्ये जमा करू’ म्हणाले. मला वॉलेट नको होतं, मला पैसे हवे होते. त्यावर बॉट म्हणतो, ‘तुम्हाला मदत करून आनंद झाला.’

हेडफोन_उतरवलेला (धुळे)
ताई, ते ‘आनंद झाला’ वाक्य आम्हालाही सक्तीचं होतं. नाही म्हटलं तर गुण कापायचे.

टायपिंगवाला_जिल्हापेठ
मी वकील नाही. जळगावात टायपिंगचं दुकान आहे, ग्राहक आयोगाचे अर्ज टाइप करून करून कलमं पाठ झालीत. भुसावळच्या भाऊंसाठी जरा सविस्तर लिहितो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आहेत. त्यानुसार प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव, हुद्दा, संपर्क वेबसाइटवर लावायचा. तो सापडतो साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, पण असतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. चॅटवरचा बॉट म्हणजे हा अधिकारी नव्हे. लोक महिना-महिना बॉटशी भांडतात आणि या माणसाला एक मेलही टाकत नाहीत. मेलमध्ये ऑर्डर नंबर, बिल, आधीचे तक्रार नंबर, ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’ या मेसेजचा स्क्रीनशॉट, आणि काय हवंय ते एका ओळीत: दुरुस्ती, बदली की पैसे. आमरसाची गोष्ट लिहू नका, तिथे कोणी वाचत नाही.

त्यासोबतच १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८. १७ भाषांत चालते, मराठी त्यात आहे (साक्रीकर, अहिराणी नाही, नानांना शेजारी बसवून तुम्हीच बोला). हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. पण बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी या हेल्पलाइनच्या तक्रारींसाठी वेगळी माणसं बसवलेली असतात. तुमचा कागद ठेकेदाराच्या टेबलावरून कंपनीच्या टेबलावर जातो, हाच खरा फायदा.

त्यानंही भागलं नाही तर जिल्हा आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कलम ३४: तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तिला जळगावात यावं लागतं. अटींमध्ये ‘वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं बघून लोक कच खातात, पण त्यानं ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, अर्ज घरबसल्या भरता येतो. विक्रेता, उत्पादक आणि अ‍ॅप, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

काळा_मसाला
टायपिंगवाले भाऊ, निकाल किती दिवसांत लागतो तेही सांगा की. तारीख पे तारीख सोडून.

टायपिंगवाला_जिल्हापेठ
कायद्यात लिहिलंय समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिने, वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर ५ महिने. प्रत्यक्षात त्याहून लांबतं, खोटं कशाला सांगू. पण माझ्यासमोर टाइप झालेल्या कितीतरी अर्जांचं काय झालं सांगतो: नोटीस पोचली की कंपनीचा फोन येतो, ‘मिटवून टाकू.’ जो फोन वर्षभर लागत नव्हता तो आपणहून वाजतो. मिटवताना घ्यायचं ते लेखी घ्या आणि अर्जाला लागलेला खर्चही मागा. लाजू नका.

आग्रारोड_धुळे
एवढी यातायात कशाला? गावातल्या दुकानातून घ्या ना. चार पैसे जास्त जातात, पण बिघडलं तर दुकानदाराची कॉलर धरता येते. मी स्वतः दुकानदार आहे म्हणून बोलतोय असं समजा हवं तर.

तापीकाठ (भुसावळ)
साहेब, आधीचा टीव्ही दुकानातूनच घेतला होता. बिघडल्यावर दुकानदारानं चहा पाजला आणि बिलामागचा टोल फ्री नंबर दाखवला. फरक म्हणाल तर चहाचा.

आग्रारोड_धुळे
😄 खरंय. आमच्याही हातात काही ठेवलेलं नाही कंपन्यांनी. डीलरचा फोनसुद्धा त्याच रांगेत लागतो, वेगळी खिडकी नाही. पूर्वी कंपनीचा माणूस महिन्याला दुकानात यायचा, त्याच्या खिशात चार तक्रारी कोंबता यायच्या. आता तोही अ‍ॅपवर. तरी ओळखीच्या मेकॅनिकला धाडू शकतो, एवढं मात्र आहे.

मिरचीपथारी (नंदुरबार)
पैशाचं सांगतो. आमच्याकडे हंगामात मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर मजुरी आता बरीचशी यूपीआयनंच जाते. एका संध्याकाळी खात्यातून रक्कम कटली, मजुराच्या खात्यात गेली नाही. तो समोर उभा, त्याला भाड्याच्या गाडीनं धडगावकडे जायचंय. पेमेंट अ‍ॅपचा बॉट म्हणतो बँकेशी बोला, बँकेचा बॉट म्हणतो अ‍ॅपमध्ये तक्रार करा. त्याला रोख दिले आणि मग भांडत बसलो.

यात नियम आपल्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कटून पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर ५ दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. चॅटवर हे कोणी सांगत नाही. मी मेल केला, परिपत्रकाची तारीख टाकली, भरपाईचा हिशेब मांडला. पैसे आले. भरपाईसाठी परत एक मेल करावा लागला, मग तीही आली. ‘न मागता’ फक्त कागदावर.

बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फुकट आहे. माहितीसाठी १४४४८. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर तिथूनच परत पाठवतात.

चोपडेकर
सगळ्यांना हात जोडून एक सांगायचंय. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका.

माझ्या मावसभावाचं झालं. पार्सलचा रिफंड अडकला होता, अ‍ॅपमध्ये माणूस सापडेना. वैतागून त्यानं कंपनीचं नाव टाकून नंबर शोधला. पहिलाच लावला, पहिल्याच रिंगला उचलला! इतक्या गोड मराठीत बोलला तो माणूस की भावाला भरून आलं, कोणीतरी ऐकतंय शेवटी. ‘रिफंड पाठवतो, एक अ‍ॅप टाका, स्क्रीन दिसू द्या.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. आम्ही लगेच १९३० ला फोन लावला, सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर. तो लवकर केल्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात थांबवता आली, सगळी नाही.

मला राग याचा येतो की त्या चोरांनी कंपन्यांपेक्षा चांगली सेवा उभी केली. खरा नंबर तुम्ही दडवून ठेवता, म्हणून खोटा चालतो.

पारोळ्याची_लेक
पहिल्या रिंगला उचलला म्हणजेच चोर. हे आता घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवणार.

केळीचा_घड (रावेर)
तुमचे फ्रिज, साड्या ठीक आहेत, आमच्या केळीचं ऐका. हवामानावर आधारित फळपीक विमा आम्ही काढतो. वादळात बाग पडली की ७२ तासांत कळवायचं असतं. मागे एका जूनमध्ये वादळ झालं, निसवलेली बाग आडवी. घड जमिनीला टेकलेले, कापणीला थोडेच दिवस राहिले होते. आता कळवायचं कसं? ज्या वाऱ्यानं केळी पाडली त्याच वाऱ्यानं विजेचे खांब पाडले. वीज नाही, टॉवर बंद, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. अ‍ॅपवर फोटो टाकायचा तर नेट पाहिजे आणि शेताचं लोकेशन पाहिजे. मोटरसायकलवर रेंज शोधत निघालो, रेंज मिळाली तर विमा कंपनीचा टोल फ्री व्यस्त. कसा नसणार? एका रात्रीत अख्ख्या तालुक्याच्या बागा पडल्या, सगळे एकाच नंबरवर.

हे ज्यांनी ठरवलं त्यांनी वादळानंतरचं गाव बघितलेलं नाही, एवढंच म्हणतो.

मी काय केलं: अर्ज कागदावर लिहिला, गट नंबर, क्षेत्र, पॉलिसीचा नंबर, कधी पडली ते. एक प्रत बँकेत, एक कृषी कार्यालयात, दोन्हीकडे शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. पंचनाम्याच्या वेळी सर्व्हेवाला म्हणाला, सिस्टीमला तुमची सूचना उशिरा दिसते. मी पोच काढून दाखवली. त्यावर गप्प झाला. शेजारच्या आप्पांनी फक्त फोनवर सांगितलं होतं, त्यांच्याकडे नंबरही नव्हता, काही नव्हतं. त्यांचं घोंगडं बरेच दिवस भिजत पडलं.

साक्रीकर
दादा, १४४४७ लागतो का? पीक विम्याच्या तक्रारींसाठीच्या कृषी रक्षक पोर्टलचा आहे तो.

केळीचा_घड (रावेर)
इतर दिवशी लागतो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी लावून बघा. लागला तर तक्रार नंबर लिहून घ्या, नुसतं ‘सांगितलं’ म्हणू नका. पण पोच ती पोच.

काळा_मसाला
म्हणजे शेवटी सगळं ऑनलाइन होऊन आपण परत शिक्क्यावर आलो.

हेडफोन_उतरवलेला (धुळे)
मेललाही शिक्का समजा. तारीख, वेळ, मजकूर सगळं असतं त्यात. फोनवरचं बोलणं ‘ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड’ होतं म्हणतात, पण तुम्ही मागितलं की सापडत नाही. म्हणून कॉल संपला की लगेच एक मेल टाकायचा: आज अमुक वाजता तुमच्या अमुक प्रतिनिधीनं असं असं सांगितलं. त्यांनी खोडून काढलं नाही तर तेच पुढे कामाला येतं.

तापीकाठ (भुसावळ)
मंडळी, ताजी खबर. टायपिंगवाल्या भाऊंनी सांगितलं तसा अ‍ॅपच्या आणि फ्रिज कंपनीच्या, दोन्हीकडच्या तक्रार अधिकाऱ्यांना मेल केला. आमरस काढून टाकला. १९१५ वरही नोंदवलं. अ‍ॅपकडून पोच आली. कंपनीकडून फोन आला, तोही मराठीत, आणि भुसावळ कुठे आहे हे बोलणाऱ्या मुलीला माहीत होतं. आज टेक्निशियन आला. बाहेरगावचे पैसे मागितले नाहीत. पोरगा चांगला आहे, कार्ड गेलंय म्हणाला, पार्ट मागवावा लागेल.

पण जाताना म्हणतो, मोबाइलवर आलेला हॅपी कोड सांगा काका. म्हटलं, फ्रिज तर बंदच आहे. तर म्हणे, कोड दिला नाही तर माझी आजची व्हिजिट धरत नाहीत, पार्ट आला की मी येतोच. त्याचं तोंड बघून वाईट वाटलं. दारात उभा आहे, पाणी पितोय. काय करू?

हेडफोन_उतरवलेला (धुळे)
देऊ नका!! तो कोड म्हणजे तक्रार बंद करायची किल्ली.

टायपिंगवाला_जिल्हापेठ
देऊ नका. त्याच्या जॉब शीटवर ‘पार्ट प्रलंबित, फ्रिज बंद’ असं त्याच्याच हातानं लिहून घ्या, मग सही करा आणि फोटो काढा. त्याची व्हिजिट त्यावर सिद्ध होते.

भरीतपार्टी
आणि त्याला सरबत पाजा. त्याचा काय दोष?

तापीकाठ (भुसावळ)
कोड दिला नाही. जॉब शीटवर लिहून घेतलं, फोटो काढला, तोच फोटो तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. पोरानं मुकाट्यानं लिहून दिलं, वर म्हणाला, सगळे असं करतील तर आमचंही बरं होईल काका, पार्ट तरी लवकर येतील. सरबत पाजलं, बर्फ शेजारून आणला.

पार्ट आला की इथे कळवतो. केळीवाले दादा, तुमच्या त्या अर्जाचा मसुदा टाकाल का? यावलला आमच्या मामांची बाग आहे, त्यांना आत्ताच लिहून ठेवायला सांगतो.

केळीचा_घड (रावेर)
रात्री टाकतो. आता लाइट गेलीये.